आधी पत्रपेटीवर नाव लावा : जर्मनीत नव्याने येणाऱ्या कुटुंबासाठी

जर्मनीत घरांना सहसा फ्लॅट नंबर नसतात. आमच्या इमारतीत चार मजले, आठ बिऱ्हाडं आणि खाली दारापाशी आठ पत्रपेट्या. कुठल्या पेटीत काय टाकायचं, हे पोस्टमन फक्त आडनाव बघून ठरवतो. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. श्टुटगार्टला आलो, पत्त्याची नोंदणी केली आणि तीन आठवडे रोज संध्याकाळी रिकामी पेटी उघडून बंद करत राहिलो. बँकेचा पिन, टॅक्सचा नंबर, विम्याची कार्डं सगळं निघालं होतं, दारापर्यंत आलंही होतं, आणि अशा नावाचं इथे कोणी राहत नाही म्हणून परत गेलं होतं. पेटीवर अजून आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. शेवटी समोरच्या आजींनी मला जिन्यात थांबवलं, खाली नेलं आणि त्या नावावर बोट ठेवून विचारलं, "हे तुम्ही का?"

त्या दिवशी मी वहीचं पान फाडून दोन पट्ट्या कापल्या, एक पेटीवर चिकटवली, एक बेलवर. चौथ्या दिवशी सात पत्रं आली.

इथलं सगळं आयुष्य त्या पेटीतून येतं. ॲप आली, ईमेल आले, तरी ज्याने तुमचं काही अडणार आहे ते कागदावरच येतं, आणि त्यावर एक तारीख असते. ती तारीख तुम्ही पाळली की हा देश फार सरळ आहे. पुढे जे लिहिलंय ते आमच्या नऊ वर्षांच्या ठेचांच्या क्रमाने लिहिलंय. आम्ही बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात आहोत. शाळा, सुट्ट्या, कचऱ्याच्या डब्यांचे रंग अशा गोष्टी दर राज्यात आणि गावात थोड्या बदलतात.

निघण्याआधी

आधी नावाचं बघा. आपल्याकडे बहुतेकांच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापाठोपाठ वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव छापलेलं असतं. जर्मन कारकुनाच्या दृष्टीने ती दोन्ही तुमचीच नावं. माझ्या विमा कार्डावर नवऱ्याचं नाव माझं दुसरं नाव म्हणून आहे. मुलीच्या बालवाडीत पहिल्या दिवशी तिच्या खुंटीवर तिचं नाव आणि पुढे तिच्या बाबांचं नाव अशी सुंदर चिठ्ठी लावली होती, फुलपाखरासकट. ताईंनी हळूच विचारलं, "घरी दोन्हीपैकी कुठल्या नावाने हाक मारता?" यावर उपाय सोपा आहे. सरकारी कागदांवर पासपोर्टात जसं आहे तसंच्या तसं नाव लिहायचं, एक अक्षर गाळायचं नाही, विमानाच्या तिकिटावरही नाही. आणि शाळेत, दवाखान्यात 'रूफनामे', म्हणजे हाक मारायचं नाव, वेगळं सांगायचं. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर पत्रपेटीवर दोन्ही लावा.

लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले मूळ प्रतीच आणा. मराठीत असतील तर भाषांतर लागेल, आणि ते सरकारमान्य भाषांतरकाराकडून केलेलंच चालतं. मुलांचं लसीकरणाचं पुस्तक हाताशी ठेवा, सामानात चेपू नका. मार्च २०२० पासून गोवराची लस घेतल्याचा पुरावा असल्याशिवाय बालवाडीत मूल घेत नाहीत, आणि शाळेतही तो मागतात. आपल्याकडची बीसीजी इथे देत नाहीत, त्यामुळे दंडावरचा व्रण बघून तरुण डॉक्टर कुतूहलाने विचारतात. घाबरू नका.

कुकर आणा. कढीपत्ता आणू नका, युरोपात रोपं आणि पानं नेण्यावर निर्बंध आहेत.

घर

पहिले दोन-तीन महिने सामानासकट मिळणारं तात्पुरतं घर घ्या आणि पक्कं घर इथे येऊन, डोळ्यांनी बघून घ्या. मालक परदेशात आहे, आधी पैसे पाठवा, किल्ली पोस्टाने येईल, अशी जाहिरात दिसली तर ती फसवणूकच. तात्पुरत्या घराच्या मालकाला एक प्रश्न न विसरता विचारा : या पत्त्यावर आमची नोंदणी करता येईल का? नाही म्हणाला तर घर कितीही गोजिरं असो, सोडून द्या. कारण पुढच्या भागात कळेल.

जाहिरातीत दोन भाडी दिसतात. 'काल्टमीटे' म्हणजे नुसत्या भिंतींचं भाडं, आणि 'वार्ममीटे' म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, जिन्याचा दिवा, कचरा वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट बहुधा दोन्हींत नसतं. अनामत रक्कम कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी असते आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा तुमचा हक्क आहे. एकरकमीच हवी म्हणून कोणी अडून बसलं तर हे शांतपणे सांगा.

आता धक्का. 'घर रिकामं' याचा इथला अर्थ खरोखर रिकामं. आम्ही किल्ली घेऊन आत गेलो तेव्हा स्वयंपाकघरात ओटा नव्हता, सिंक नव्हतं, शेगडी नव्हती. भिंतीतून पाण्याचे दोन नळ बाहेर डोकावत होते. छतातून वायरी लोंबत होत्या, एकही दिवा नाही. आधीचा भाडेकरू सगळं उचकटून घेऊन गेला होता, कारण ते सगळं त्याचंच होतं. पहिल्या रात्री मोबाइलच्या उजेडात, बाथरूमच्या बेसिनमध्ये तांदूळ धुऊन, उसन्या विजेच्या शेगडीवर खिचडी केली. तेव्हा घर बघायला जाल तेव्हाच विचारा : स्वयंपाकघर राहणार आहे की जाणार आहे? पुष्कळदा जुना भाडेकरू काही रक्कम घेऊन ते ठेवून जातो. नव्या ओट्यापेक्षा ते स्वस्त पडतं, आणि मुख्य म्हणजे दोन महिने थांबावं लागत नाही.

ताबा घेताना लेखी नोंद होते. प्रत्येक ओरखडा, प्रत्येक फुटकी टाइल त्यात लिहून घ्या आणि फोटो काढा. सोडताना तो कागदच तुमची अनामत वाचवेल.

आणि खिडक्या उघडा. हसू नका. इथली घरं हवाबंद असतात आणि आपला स्वयंपाक वाफेचा. पहिल्या हिवाळ्यात आमच्या कपाटामागे काळी बुरशी आली आणि मालकाच्या माणसाने भिंत न बघता थेट विचारलं, "दिवसातून किती वेळा खिडकी उघडता?" खिडकी तिरपी ठेवून काही होत नाही, सताड उघडायची, पाच-दहा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ, बाहेर शून्याखाली असलं तरी.

कागदांची साखळी

इथे एका कागदाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात असतं, म्हणून क्रम मोडू नका.

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे 'आनमेल्डुंग', करायची. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा एक फॉर्म लागतो, त्याचं नाव 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग'. उच्चार करता आला नाही तरी चालेल, कागद दाखवता आला पाहिजे. भाडेकरार दाखवून भागत नाही. नगरपालिकेच्या ऑफिसची वेळ, म्हणजे 'टेरमिन', घर ठरताक्षणी ऑनलाइन घेऊन टाका. मोठ्या शहरात ती आठवड्यांनी मिळते. वेळ मिळत नसेल तर पहाटे पुन्हा बघा, रद्द झालेल्या वेळा अधूनमधून दिसतात.

नोंदणी झाली की टॅक्सचा अकरा आकडी नंबर आपोआप घरी येतो, घरातल्या प्रत्येकाला वेगळा, तान्ह्या बाळालाही. तो आयुष्यभर बदलत नाही. तो मिळेपर्यंत कंपनीने जास्त कर कापला तर जीव काढू नका, पुढे वळता होतो. दोघांपैकी एकच कमावत असेल तर करवर्ग, म्हणजे पगारातून किती कर कापायचा ते ठरवणारा गट, चार-चार ऐवजी तीन-पाच करून घ्या, कमावणाऱ्याचा तीन. दर महिन्याला हातात येणारा पगार वाढतो.

मग बँक, मग आरोग्यविमा. सरकारी योजनेतल्या विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात. खासगी विम्यात प्रत्येकाचा हप्ता वेगळा. तरुण, एकटा, भरपूर पगाराचा माणूस खासगीकडे वळला तर मी समजू शकते. कुटुंब घेऊन आलात तर माझं मत सरळ आहे : सरकारी. एकदा खासगीत गेलं की परतीची वाट फार अरुंद असते.

त्यानंतर परदेशी नागरिकांच्या ऑफिसातून निवासाचं कार्ड, प्रत्येकाचं स्वतंत्र. व्हिसा संपायच्या बऱ्याच आधी अर्ज घाला. कार्ड वेळेत आलं नाही तर मधल्या काळासाठी एक तात्पुरता कागद देतात. त्या कागदाच्या भरवशावर भारताची तिकिटं काढण्याआधी त्याच ऑफिसला विचारा, की यावर परत येता येईल का, आणि वाटेत दुसऱ्या देशात उतरलं तर चालेल का. कागदाचे प्रकार वेगवेगळे असतात आणि विमानतळावरच्या माणसाशी त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

मुलांसाठी 'किंडरगेल्ड' मागा. २०२६ मध्ये ते दर मुलामागे महिना २५९ युरो आहे. बऱ्याच जणांना वाटतं ही मदत इथल्या नागरिकांसाठी असेल. तसं नाही, नोकरीसाठी निवास परवाना घेऊन आलेल्या बहुतेक कुटुंबांना ती मिळते. उशिरा अर्ज केला तर मागचे फक्त सहा महिने मिळतात, त्याआधीचे पैसे गेले.

याच सुमाराला पेटीत एक पत्र येईल, रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. घरटी महिना १८.३६ युरो. टीव्ही नाही म्हणून सुटका नाही, रेडिओ नाही म्हणूनही नाही. ते नवऱ्याला येईल आणि वेगळं तुम्हालाही येईल. वर्गणी माणशी नसून घरटी आहे, तेव्हा एकाने भरायची आणि दुसऱ्याने त्याचा वर्गणी क्रमांक कळवून मोकळं व्हायचं. आमच्या ओळखीतलं एक जोडपं दीड वर्ष दोनदा भरत होतं.

एक विमा मात्र मागे लागून घ्या, 'हाफ्टप्फ्लिश्ट', म्हणजे तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा. वर्षाला एका साध्या हॉटेलातल्या जेवणाइतका खर्च. इमारतीची किल्ली हरवली तर अख्ख्या इमारतीची कुलपं बदलायची वेळ येऊ शकते. किल्ल्यांचं नुकसान धरलंय का, आणि सात वर्षांखालच्या मुलांनी केलेलं नुकसान धरलंय का, हे दोन प्रश्न विचारूनच सही करा. सात वर्षांखालच्या मुलाला कायदा जबाबदार धरत नाही, पण शेजाऱ्याच्या गाडीवर सायकल आदळल्यावर तुम्हाला कायदा सांगत बसायला आवडणार नाही.

शेजार, रविवार आणि केअरवोखे

श्टुटगार्ट आणि भोवतालच्या श्वाबियन मुलखात एक चाल आहे, तिची मुळं थेट पंधराव्या शतकापर्यंत नेऊन सांगतात. एका सोमवारी सकाळी दार उघडलं तर मुठीला एक लाकडी पाटी लटकत होती, 'केअरवोखे'. म्हणजे या आठवड्यात झाडण्याची पाळी तुमची. जिना, कठडा, खालचा बोळ आणि बाहेरची फरसबंदी, हिवाळ्यात बर्फासकट. आम्ही शुक्रवारी रात्री, कोणी बघत नसताना, झटपट झाडून पाटी पुढच्या दारावर टांगली. शनिवारी सकाळी ती आमच्याच दारावर परत आली होती. समोरच्या आजींनी मला जिन्याच्या कठड्याच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवून दाखवलं. त्या रागावलेल्या नव्हत्या. एखादी आत्या पुरणाचा कट कसा काढायचा ते दाखवते, त्या सुरात दाखवत होत्या. तेव्हापासून मी शनिवारी दिवसाढवळ्या झाडते, आणि जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाशी दोन वाक्यं बोलते. माझं अर्धं जर्मन त्या जिन्यात तयार झालं.

बोलताना एक गोष्ट आपल्याला फुकट मिळालीय. इथल्या भाषेतही 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे आहेत. शेजारी, डॉक्टर, शिक्षिका, ऑफिसातला कारकून या सगळ्यांना आडनावाने आणि 'तुम्ही'. 'तू' म्हणायचा प्रस्ताव वयाने मोठ्या माणसाकडून यायचा असतो. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही.

रविवारी दुकानं बंद असतात. दूध शनिवारीच आणा, नाहीतर स्टेशनवरच्या दुकानात दीडपट पैसे मोजा. रविवारी भिंतीत ड्रिल करायचं नाही, आणि रिकाम्या बाटल्या रस्त्यावरच्या काचेच्या डब्यातही टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. लहान मुलांच्या रडण्याला हे नियम सहसा लावत नाहीत, मिक्सरला लावतात. चटण्या दिवसा वाटा.

पाण्याच्या आणि पेयांच्या एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटल्या, कॅन फेकू नका, नगामागे २५ सेंट परत मिळतात. काचेच्या बिअरच्या बाटलीला ८ सेंट. आमच्या मुलीचा पॉकेटमनी तोच आहे.

आजारपण

लहान मुलांचे डॉक्टर नवे पेशंट घेत नाहीत, हे वाक्य तुम्ही पहिल्या महिन्यात पाच-सहा वेळा ऐकाल. मूल निरोगी असतानाच फोन करायला लागा. सगळ्यांनी नाही म्हटलं तर विमा कंपनीला शोधून द्यायला सांगा. लहान वयातल्या ठरलेल्या तपासण्यांची नोंद एका पिवळ्या वहीत होते, ती वही बालवाडीतही मागतात.

रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी ताप चढला, पण जीवावरचं नाही, तर ११६११७. जीवावरचं असेल तर ११२, हा नंबर सगळ्या युरोपीय संघात चालतो. नुसत्या तापासाठी मोठ्या हॉस्पिटलच्या आणीबाणी विभागात गेलात तर चार तास बसाल आणि शेवटी तुम्हाला आराम करा, चहा प्या असं सांगतील. इथले डॉक्टर अँटिबायोटिक पटकन देत नाहीत. पहिल्या वर्षी मला याचा संताप यायचा, आता येत नाही.

मूल आजारी पडलं तर नोकरी करणाऱ्या आई आणि बाबा दोघांनाही वेगवेगळी रजा असते. सरकारी विम्यात १२ वर्षांखालच्या दर मुलामागे प्रत्येकाला वर्षाला १५ दिवस, आणि विमा पगाराचा मोठा भाग देतो. बालवाडीच्या पहिल्या हिवाळ्यात ते सगळे लागतात.

बालवाडी आणि शाळा

ऑगस्ट २०१३ पासून वर्षाच्या मुलालाही बालवाडीच्या जागेचा कायदेशीर हक्क आहे. हक्क आहे, जागा आहेच असं नाही. पत्त्याची नोंदणी झाली त्याच आठवड्यात यादीत नाव घाला आणि मग दर महिन्याला नम्रपणे आठवण करा. आम्हाला जागा मिळाली ती कोणी कुटुंब दुसऱ्या गावी गेलं म्हणून, तेही फेब्रुवारीत.

जागा मिळाली म्हणजे दुसऱ्या दिवशी मूल सोडून ऑफिसला जाता येईल, या समजात राहू नका. 'आइनगेव्योनुंग' म्हणून एक प्रकार असतो, मुलाला रुळवण्याचा. पहिले तीन दिवस मी कोपऱ्यात, माझ्या गुडघ्याइतक्या उंचीच्या खुर्चीवर बसून होते. चौथ्या दिवशी ताईंनी मला दहा मिनिटं बाहेर जायला सांगितलं. मी दाराबाहेर बुटांच्या रांगेपाशी उभी राहून आत काय आवाज येतो ते ऐकत होते. मग पंधरा मिनिटं, मग अर्धा तास. एकूण चार आठवडे लागले. आपल्याकडे गेटवर रडणारं पोर उचलून आत नेतात आणि दार लावतात, त्यापेक्षा हे मला कितीतरी बरं वाटलं. पण नोकरी सुरू करायची तारीख यानंतरची ठरवा. निदान दोघांपैकी एकाने.

पावसात घालायची रबरी चिखलपँट घ्या. मुलं पाऊस असो, बर्फ असो, रोज बाहेर जातात. आमच्या पिढीला हे बघून सर्दी होते, त्यांना होत नाही.

सहाव्या वर्षी शाळा सक्तीची, घरी शिकवता येत नाही. पहिल्या दिवशी मुलाला जवळजवळ त्याच्याइतका उंच कागदी शंकू, 'शुल्ट्युटे', खाऊ आणि पेन्सिली भरून द्यायचा असतो. दिला नाही तर मूल एकटं पडतं. चौथीनंतर मुलांच्या शाळांचे फाटे फुटतात, ते खूप लवकर आहे असं मला वाटतं, आणि अनेक जर्मन पालकांनाही वाटतं.

सुट्टी सुरू व्हायच्या दोन दिवस आधी मूल घेऊन भारताला निघायचं, तिकीट स्वस्त मिळतं म्हणून, असं करू नका. दंड होतो, आणि काही विमानतळांवर पोलीस शाळेच्या वयाची मुलं बघून विचारतातही.

फिरणं

कार्ड हातात आलं की शेंगेन देश, म्हणजे आपसांतल्या सीमांवरची नेहमीची तपासणी काढून टाकलेले युरोपातले देश, मोकळे. करार १९८५ साली लक्झेंबर्गमधल्या मोझेल नदीकाठच्या शेंगेन गावात झाला, म्हणून हे नाव. जर्मन निवासकार्ड आणि पासपोर्ट, दोन्ही जवळ असतील तर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस बाकीच्या शेंगेन देशांत फिरता येतं. मुलांचंही कार्ड आणि पासपोर्ट हवा, आईच्या मोबाइलमधला फोटो नव्हे. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस संघात आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. लंडनला तर वेगळाच व्हिसा. तिकीट काढण्याआधी हे देश आठवा.

सीमा दिसत नसल्या तरी कागद घरी ठेवू नका. राइनकाठच्या केल गावातून शहरी ट्रॅम पूल ओलांडून फ्रान्समधल्या श्ट्रासबुर्गला जाते, मुलांना ही गंमत जरूर दाखवा. पण सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली. ट्रॅममध्ये पोलीस चढले तेव्हा आमचे पासपोर्ट बॅगेत होते, शेजारच्या कुटुंबाचे हॉटेलात.

मोबाइलचं इंटरनेट युरोपीय संघात जादा पैसे न देता चालतं. स्वित्झर्लंडमध्ये चालेलच असं नाही. झुरिकच्या सरोवराकाठी मुलगी एक कार्टून बघत होती, त्याचं बिल आमच्या चौघांच्या जेवणाइतकं आलं. सीमेवरचं बाझल यायच्या आधी रोमिंग बंद करा.

रेल्वेबद्दल थोडं सविस्तर. लांबच्या गाड्यांची स्वस्त तिकिटं काही महिने आधी निघतात आणि ती त्या विशिष्ट गाडीलाच बांधलेली असतात. गाडी २० मिनिटं किंवा जास्त उशिरा पोहोचणार असेल तर हे बंधन सुटतं आणि दुसरी गाडी धरता येते. तासभर उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के, दोन तास झाला तर ५० टक्के परत मिळतात. हे मागायला लाजू नका. जर्मन गाड्या वेळेवर धावतात ही भारतात ऐकलेली गोष्ट आहे, आणि आमच्या स्टेशनचं काम तर २०१० पासून चाललंय. बदलाच्या गाडीसाठी आठ मिनिटं दाखवत असेल तर लहान मुलं आणि बाबागाडी घेऊन ती गाडी धरायची नाही, पुढची धरायची. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. सहा ते चौदा वयाची मुलं मोठ्यांबरोबर लांबच्या गाडीत फुकट जातात, पण तिकीट काढताना त्यांची नोंद केलेली असावी लागते.

महिन्याच्या देशभर चालणाऱ्या तिकिटाला, 'डॉइचलांडटिकेट'ला, मे २०२३ मध्ये ४९ युरो पडायचे, २०२६ मध्ये ६३ पडतात. ते शहरी गाड्या, बस आणि स्थानिक रेल्वेत चालतं, लांबच्या वेगवान गाड्यांत नाही. आणि सहा वर्षांवरचं मूल यात धरलेलं नाही, त्याचं वेगळं काढा. पाहुणे आले असतील तर त्याऐवजी राज्याचं एका दिवसाचं तिकीट बघा, एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं. ब्लॅक फॉरेस्टमध्ये मुक्काम केलात तर यजमानाकडून पाहुणेकार्ड मागून घ्या, बऱ्याच गावांत त्यावर बस आणि लोकल फुकट.

गाडी चालवणार असाल तर भारतीय लायसन इथे राहायला आल्यापासून सहाच महिने चालतं. नंतर लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा नव्याने. पंधरा वर्षं पुण्यात गाडी चालवलेला माझा नवरा पहिल्या खेपेला नापास झाला, सायकलवाल्याकडे मान वळवून बघितलं नाही म्हणून. वेग मोडलात तर फोटोसकट पत्र घरी येतं.

शाकाहारी असाल तर 'फ्लाइश', म्हणजे मांस, नको एवढ्यावर थांबू नका. बटाट्याच्या सॅलडमध्ये, चीजच्या श्पेट्झलेत, म्हणजे इथल्या जाड शेवयांत, डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात आणि वाढणाऱ्याच्या लेखी ते मांस नसतं, ती चव असते. 'ओने श्पेक', म्हणजे ते तुकडे नकोत, हे दोन शब्द पाठ करा. माउलटाशेन दिसायला आपल्या करंजीच्या चुलतबहिणी, पण पोटात खिमा. पालकाच्या मिळतात, विचारून घ्या.

आई-बाबांना बोलवायचं असेल तर चार महिने आधी सुरुवात करा. तुम्ही त्यांचा खर्च उचलणार असं हमीपत्र परदेशी नागरिकांच्या ऑफिसातून घ्यायचं, मूळ कागद कुरिअरने पाठवायचा, निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवासविमा. व्हिसाची फी माणशी ९० युरो, मुक्काम जास्तीत जास्त ९० दिवस. बाबांचं ब्लडप्रेशर, आईची शुगर, ही जुनी दुखणी बहुतेक विम्यांत धरत नाहीत. औषधं पूर्ण मुक्कामाची, चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत.

घर बंद करून जाताना

भारताला पाच आठवडे जाणार असाल तर कुंड्यांपेक्षा पत्रपेटीची सोय आधी बघा. सरकारी महत्त्वाची पत्रं पिवळ्या पाकिटात येतात आणि पोस्टमन त्या पाकिटावर टाकल्याची तारीख लिहितो. मुदत त्या तारखेपासून मोजतात, तुम्ही उघडलं त्या दिवसापासून नाही. वाहतुकीच्या दंडावर हरकत घ्यायला दोनच आठवडे मिळतात. तेव्हा पत्र वाचून झालं तरी ते पाकीट फेकू नका.

आमच्या पेटीची किल्ली समोरच्या आजींकडे असते. त्या जाहिराती काढून टाकतात, पत्रं आकारमानाने लावून रबर बांधतात, आणि पिवळं काही दिसलं तर नातवाकडून फोटो काढून मला पाठवतात. मी त्यांच्यासाठी वेलची आणते, नाताळच्या बिस्किटांत घालायला. आणि मधल्या काळात आमच्या दारावर आलेली केअरवोखेची पाटी त्यांनी उचलून आपल्या दारावर लावलेली असते. परत आल्यावर सलग दोन आठवडे जिना मी झाडते, कठड्याच्या खालच्या बाजूसकट.